लेक दहावीत आणि जांबोरी पोलंडला: पाठवावं का?

मंगळवार_पेठ

नमस्कार मंडळी. इथे बरेच जण मुलांना घेऊन परदेशी फिरलेले आहेत, काही जण तिकडेच राहतात, म्हणून हा धागा काढतेय.

मोठी लेक सध्या नववीत आहे. शाळेच्या गाइड पथकात ती अगदी पहिल्यापासून आहे. तृतीय सोपान (गाइडमधली परीक्षेची पायरी) झालं, राज्य पुरस्काराची तयारी चालू आहे. पुढची जागतिक स्काऊट जांबोरी, म्हणजे जगभरच्या स्काऊट-गाइड मुलांचा मेळावा, ३० जुलै ते ८ ऑगस्ट २०२७ या काळात पोलंडमध्ये, ग्दान्स्क शहराजवळ आहे. आमच्या गाइड कॅप्टन बाईंनी तिचं नाव पुढे पाठवायचं का, असं विचारलंय. निवड होईलच असं नाही, पण अर्ज करायचा तर आमचा होकार हवा.

आम्ही कोल्हापूरचे. आमच्या दोन्ही घरांतून अजून कुणी देशाबाहेर गेलेलं नाही. लेक नाचतेय. बाकी घराची स्थिती अशी: जुलै-ऑगस्टमध्ये ती दहावीत असेल म्हणून काकांचा विरोध. खर्च लाखांत जाणार म्हणून ह्यांच्या कपाळाला आठ्या. ३ ऑगस्टला श्रावण लागतोय आणि पोरगी तिकडे काय खाईल, हे सासूबाईंचं. शिवाय २०२३ ला कोरियातल्या जांबोरीत जे झालं त्याच्या बातम्या ह्यांनी शोधून शोधून वाचल्यात.

माझं मन पाठवावं असंच म्हणतंय, पण भीती वाटते हेही खरं. अनुभव असलेल्यांनी लिहा. "पाठवाच, आयुष्यभराची आठवण" एवढंच लिहिणार असाल तर ते मला लेकीनेच रोज ऐकवलंय.

आधी_दहावी

कुणीतरी हे लिहायला हवं, म्हणून मीच लिहितो. दहावीची मुलगी ऐन पावसाळ्यात, म्हणजे अभ्यास रुळावर येत असताना, दोन-अडीच आठवडे गायब होणार. त्यात आधीची तयारी शिबिरं आली, परत आल्यावरचे सत्कार आले. नुसते जांबोरीचे दिवस मोजू नका. बाकी तुमची मर्जी.

भटकी_मांजर

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे, आमचा बोका आठवीत आहे.

गाठ_मारा

मी निवृत्त शिक्षक. शाळेत स्काऊट मास्तर होतो, मुलं घेऊन राज्य मेळावे केले, पचमढीच्या राष्ट्रीय केंद्रात प्रशिक्षण घेतलं, एकदा मुलांच्या तुकडीबरोबर परदेशी मेळाव्यालाही गेलो. त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी व्यवस्था समजून घ्या. जांबोरीला कुणी घरबसल्या स्वतंत्र नाव नोंदवू शकत नाही. प्रत्येक देशाच्या मान्यताप्राप्त संघटनेमार्फतच जावं लागतं. आपल्याकडे जागतिक स्काऊट संघटना आणि जागतिक गाइड संघटना या दोन्हींची सदस्य असलेली संस्था म्हणजे भारत स्काऊट्स आणि गाइड्स. शाळा, जिल्हा, राज्य, दिल्लीचं राष्ट्रीय कार्यालय, या वाटेने अर्ज जातो. परिपत्रकात कोणता सोपान किंवा पुरस्कार मागितलाय, जन्मतारखेची मर्यादा काय, ते अक्षर न् अक्षर वाचा. सहभागी मुलांचा वयोगट १४ ते १७ असतो आणि एका दिवसानेही सूट मिळत नाही. मधे कुणी एजंट "तुमच्या मुलीला थेट जांबोरीला नेतो, आगाऊ भरा" म्हणत आला तर चहा पाजून वाटेला लावा.

आता तिथली रचना. ३६ मुलं आणि ४ मोठे, अशी ४० जणांची एक तुकडी. तुकडीत नऊ-नऊ जणांचे चार संघ. तंबू, स्वयंपाक, भांडी, पाणी भरणं, सगळं संघावर. मेळावा चाळीस-पन्नास हजारांचा असला तरी तुमच्या लेकीची रोजची दुनिया ही नऊ पोरींची आणि त्या चार मोठ्यांची.

म्हणून पालकांनी विचारायचा पहिला प्रश्न "देश कोणता" हा नाही, "लीडर कोण" हा आहे. बाई किती वर्षं पथक चालवतायत? याआधी मुलींना घेऊन मोठ्या शिबिराला गेल्यात का? पोरगी तापली तर त्या स्वतः थांबतील की दुसऱ्यावर सोपवून ध्वजवंदनाला पळतील? जांबोरीला येणाऱ्या प्रत्येक प्रौढाला 'सेफ फ्रॉम हार्म' नावाचं बालसुरक्षेचं प्रशिक्षण पूर्ण करावंच लागतं. ते झालं का, हे विचारायला लाजू नका. चांगला लीडर रागावत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

दहावीबद्दल: आधी_दहावी यांचा हिशेब बरोबर आहे. अडीच नव्हे, तीन आठवडे धरा. मात्र राष्ट्रपती पुरस्कार मिळवलेला स्काऊट दहावीला नापास झालेला मी पाहिलेला नाही.

आधी_दहावी

नापास होण्याबद्दल कोण बोलतंय सर? टक्क्यांबद्दल बोलतोय.

गाठ_मारा

मान्य. ते दोन-चार टक्के जातीलही. उगाच खोटं कशाला सांगू.

टेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये, मुलगा इथल्या एक्सप्लोरर स्काऊट्समध्ये आहे. कोरियाच्या वेळी तो लहान होता, पण आमच्या गटातल्या घराघरात तेव्हा दुसरा विषय नव्हता. तुमच्या मिस्टरांनी बातम्या वाचल्याच आहेत, पण त्यातून काय घ्यायचं ते पाहू.

जागा होती सेमांगुम. समुद्रात ३३ किलोमीटरचा बांध घालून भरावाने मिळवलेली सपाट जमीन. ना झाड, ना सावली, पाण्याचा निचरा वाईट. आधीच्या पावसाचं पाणी साचलेलं, त्यावर डास आणि पारा ३५ च्या वर. १ ऑगस्टला मेळावा सुरू झाला आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच शेकडो मुलांना उन्हाचा त्रास झाला. स्वच्छतागृहांच्या तक्रारी होत्या. ब्रिटनची साडेचार हजारांची तुकडी सर्वांत मोठी होती. ती आठवड्याच्या आतच मैदान सोडून सेऊलच्या हॉटेलांत गेली. अमेरिका आणि सिंगापूरही बाहेर पडले. मग खानून वादळ येतंय म्हटल्यावर ८ ऑगस्टला उरलेल्या सगळ्यांना हजाराहून जास्त बसगाड्यांतून हलवलं. शेवट ११ तारखेला सेऊलच्या वर्ल्डकप स्टेडियममध्ये के-पॉपच्या कार्यक्रमाने झाला.

आता मुद्दा. कोरियाला यजमानपद २०१७ मध्ये मिळालं होतं, म्हणजे सहा वर्षं हातात होती. ऑगस्टमध्ये तिथे उकडतं हे काही गुपित नव्हतं. निसर्ग कोपला नाही, आयोजक कमी पडले. आणि तरीही चाळीस हजारांवर मुलं सुखरूप घरी पोचली, कारण तुकड्या तुकड्यांचे लीडर जागेवर होते. कुणी काय खाल्लं, कोण आजारी आहे, कोण कुठल्या बसमध्ये, हे त्यांच्याकडे कागदावर होतं. गाठ_मारा सर म्हणतायत ते हेच.

ग्दान्स्कची हवा वेगळी आहे. बाल्टिक समुद्राचा काठ, ऑगस्टमध्ये दुपारी साधारण बावीस-तेवीस अंश, रात्री गारठा. कोल्हापूरच्या पोरीला उन्हाऐवजी थंडीचाच त्रास होईल. चांगली झोपायची पिशवी आणि वारा अडवणारं जाकीट, यावर पैसे घाला. पाऊस कधीही येतो.

मंगळवार_पेठ

टेम्सकाठ, धन्यवाद. हे ह्यांना वाचून दाखवलं. "आयोजक कमी पडले म्हणजे परत पडू शकतात" असं उत्तर आलं. :)

टेम्सकाठ

चुकीचं नाही बोलले ते. म्हणूनच तुकडीला स्वतःची पर्यायी सोय काय आहे ते विचारा. ब्रिटनने हॉटेलांसाठी राखीव निधीतून दहा लाख पौंडांहून जास्त रक्कम काढली. सगळ्या देशांना हे जमत नाही.

हिशेबी

थोडं कडू बोलतो. जांबोरीचं शुल्क देशाच्या ऐपतीनुसार गटवार असतं, आपल्याला श्रीमंत देशांपेक्षा कमी पडतं, हे कबूल. पण विमानभाडं, व्हिसा, विमा, कपडे, दिल्लीपर्यंतचा प्रवास आणि तिथलं जमवाजमव शिबिर, हे सगळं धरलं की मध्यमवर्गीय घराचं वर्षाचं गणित कोलमडतं. मग जातं कोण? ज्यांच्या आईवडिलांना परवडतं ते. जिल्हा परिषदेच्या शाळेत उत्तम गाठी मारणारा, रात्रीच्या शेकोटीत अख्खं मैदान हसवणारा पोरगा राज्य पुरस्कारावर थांबतो. त्याला कुणी "नाव पाठवू का" असंही विचारत नाही. चळवळ सेवेची म्हणायची आणि वर प्रवेशद्वारावर लाखांची पावती.

चुलीवरचं_पिठलं

+१. आमच्या तालुक्यात अगदी हेच.

मंगळवार_पेठ

हिशेबी, तुमचा राग पटतो. आमचंही घर त्या 'परवडणाऱ्यां'त बसत नाही. ह्यांचं छोटं वर्कशॉप आहे, मी शिवणकाम करते. कर्ज काढून पाठवायचं नाही, एवढं मात्र ठरलंय.

गाठ_मारा

हिशेबी, खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. एवढंच सांगतो की लोकांनी वाटा काढल्यात. 'खरी कमाई' आपल्याकडे नुसती वहीत लिहायची गोष्ट झालीय. पूर्वी मुलं खरंच आठवडाभर दारोदार कामं करून पैसे आणायची. एका मुलासाठी आमच्या गावच्या तालीम मंडळाने, पतसंस्थेने आणि माजी विद्यार्थ्यांनी मिळून निम्मी रक्कम उभी केली होती. बाकीची त्याने आणि पथकाने मिळून: आकाशकंदील, रद्दी, लग्नात वाढपी. मुलाचा हात त्यात होता म्हणून गावानेही दिलं.

टेम्सकाठ

ब्रिटनमध्येही घरच्यांनी चेक फाडून मोकळं व्हायचं, असं नाही. निवड झाली की मुलगा दीड-दोन वर्षं गाड्या धुणं, केक विकणं, दुकानात सामान पिशवीत भरणं असलं करत पैसे जमवतो. परवडणारे आईबापही त्याला ते करू देतात. आपल्या लोकांना सुरुवातीला लाज वाटते. मलाही वाटली. शेजारणीने माझ्याच पोराकडून गाडी धुऊन घेतली तेव्हा मी पडद्याआड उभा होतो.

उतरणीची_वाट

मी आता बावीस वर्षांची आहे. सोळाव्या वर्षी गाइडमधूनच परदेशी गेले होते, स्वित्झर्लंडला, आडेलबोडेनच्या 'अवर शाले' केंद्रात. जागतिक गाइड संघटनेची अशी केंद्रं जगात मोजकी आहेत, हे त्यातलं सर्वांत जुनं, १९३२ चं. (त्यातलंच एक, 'संगम', आपल्या पुण्यात आहे, १९६६ पासून. कोल्हापूरहून पुणे काय लांब नाही. काकू, लेकीला आधी तिथे एखाद्या कार्यक्रमाला पाठवून बघा. परदेशी मुलींबरोबर राहणं म्हणजे काय, ते पासपोर्टशिवाय कळेल.)

मोठी माणसं ज्याची काळजी करतात आणि प्रत्यक्षात जे अवघड जातं, त्यात फार फरक आहे. म्हणून आमच्या बाजूने लिहिते.

विमान, इमिग्रेशन, इंग्रजी यांची धास्ती दोन दिवसांत संपते. इंग्रजीचं तर हसू येतं. तिकडच्या निम्म्या मुलींचं इंग्रजी आपल्यासारखंच मोडकं असतं आणि कुणाला पडलेली नसते. परक्यांशी पटकन मैत्री होते, कारण दोन्ही बाजू नटून-थटून भेटत असतात. खरं अवघड असतं आपल्याच गटातल्या मुलींबरोबर राहणं. आमच्या गटात चार-पाच राज्यांच्या मुली होत्या. कुणी पहाटे उठून पाण्याच्या बाटल्या खडखडवणारी, कुणी ओला टॉवेल दुसरीच्या पिशवीवर टाकणारी, कुणी भांडी घासायची पाळी आली की डोकं दुखणारी. माझं आणि एका मुलीचं तर अबोल्यापर्यंत गेलं. शेवटी दोघींना मिळून संपूर्ण गटाची भांडी घासायला लावली आमच्या कॅप्टनने. मधे पडल्या नाहीत, कोण बरोबर ते विचारलं नाही. ती मुलगी पुढच्या महिन्यात माझ्याकडे राहायला येतेय.

घरची आठवण पहिल्या रात्री येत नाही. पहिल्या रात्री मेलेलं असतं माणूस दमून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते, आणि तीही घरून फोन आला की. आमचे मोबाइल कॅप्टनकडे असायचे, संध्याकाळी थोडा वेळ मिळायचे. माझी आई रोज "जेवलीस का, अंथरूण ओलं नाही ना, तोंड सुकलंय तुझं" असं सुरू करायची आणि मी फोन ठेवून रडायचे. एका मुलीचे वडील रोज फक्त घरच्या कुत्र्याने दिवसभर काय उद्योग केले ते लिहून पाठवायचे. ती हसत झोपायची. काकू, हे लिहून ठेवा: प्रश्न विचारू नका, घरचं काहीतरी सांगा. ग्दान्स्कच्या उन्हाळ्यात तुम्ही साडेतीन तास पुढे असाल. तिला फोन मिळेल तेव्हा तुमची झोपायची वेळ झालेली असेल. फोन आला नाही म्हणून बाईंना मेसेज टाकू नका. त्यांना असे छत्तीस आईबाप असतात.

पाळी. कुणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. प्रवास, थंडी, दमणूक यांनी तारीख सरकू शकते. पॅड भरपूर द्या, थोडी हातातल्या बॅगेतही. दुखत असेल तर गोळी कोणती, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आणि तिने बाईंना कसं सांगायचं, ते आधीच घरात मोकळेपणी बोलून ठेवा. आमच्यातली एक मुलगी पोटदुखी लपवून अख्खा डोंगर चढली होती.

हां, आणि कपडे स्वतः धुवायला शिकवा. आतले कपडे सुद्धा. बाल्टिकच्या दमट हवेत वाळायला वेळ लागेल, तेव्हा लवकर सुकणारे द्या. जीन्स नको.

मंगळवार_पेठ

उतरणीची_वाट, तुझा प्रतिसाद लेकीला वाचायला दिला. "बघ, सोपं नाहीये" म्हणाले, तर म्हणते, "आई, भांडणं तर आपल्या पथकात रोजच होतात." आणि तो कुत्र्याचा किस्सा मी जपून ठेवलाय. आमच्याकडे कुत्रा नाही, मांजर आहे, चालेल ना?

भटकी_मांजर

मांजर जास्त चालेल. :)

वरणभात_तूप

जेवणाचं बघू. सासूबाईंना सांगा, २ ऑगस्टला अमावास्या आहे, गटारी तिकडेच उरकेल. (हलके घ्या.)

गंभीरपणे: नोंदणीच्या वेळी आहार विचारतात, तिथे शाकाहारी लिहायचं तर स्पष्ट लिहा. "फक्त श्रावणात शाकाहारी" हे जगातल्या कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही. मैदानावर शिधा मिळतो आणि संघ शिजवतो. म्हणजे तुमची पोरगी भात, डाळीची आमटी, कांदा-बटाट्याचा रस्सा करू शकत असेल तर ती त्या संघाची अन्नपूर्णा. आमच्या भाच्याने अशाच एका शिबिरात कांदा-लसूण मसाल्याच्या जोरावर मित्र जमवले.

बाहेर फिरताना पोलंडमध्ये पिएरोगी मिळतात, उकडीच्या करंज्याच म्हणा. बटाटा आणि ताज्या चीजचं सारण असतं त्यातल्या एका प्रकारात. पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे पेरायची पद्धत आहे, तेव्हा मागवतानाच "वरून काही नको" सांगायचं. जुरेक नावाचं आंबट सूप दिसायला आपल्या कढीचं भावंड, पण त्यात सहसा सॉसेज असतं.

चटणी, मसाला, मेतकूट कोरडं आणि कंपनीच्या बंद पाकिटात द्या. तूप, पेढे, दुधाचं काहीही आणि मटण-लोणचं वगैरे अजिबात नको. युरोपियन संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

पेठेतला_पत्रव्यवहार

कागदपत्रांचं मी सांगतो, रोजचं काम आहे.

पासपोर्ट आत्ताच काढा, निवडीची वाट पाहू नका. अल्पवयीन असल्याने आईवडील दोघांच्या सहीचं अनुबंध 'ड' (Annexure D) हे संमतीचं घोषणापत्र लागतं. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल तोवर चालतो. जन्मदाखल्यावरचं, शाळेतलं आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का, ते आजच तपासा. 'ज्ञानेश्वरी' आणि 'ज्ञानेश्र्वरी' यांत अडकलेली घरं मी पाहिलीत. कोल्हापुरात पोस्टाच्या केंद्रात काम होतं, पुण्याला जायला नको.

पोलंडला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. निर्णय साधारण पंधरा दिवसांत, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणजे मुलीला स्वतः जावं लागणार. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवास विमा सक्तीचा. शुल्क बारा वर्षांवरच्यांना पूर्ण, ९० युरो. मात्र युरोपियन व्हिसा संहितेत ना-नफा संस्थांच्या शैक्षणिक-सांस्कृतिक कार्यक्रमांना त्या संस्थांचे प्रतिनिधी म्हणून जाणाऱ्या २५ वर्षांपर्यंतच्या तरुणांना शुल्कमाफी आहे. ते आपोआप होत नाही. संघटनेचं पत्र लावून मागावं लागतं. तुकडीचे व्हिसा एकत्र जात असतील तर लीडरना याची आठवण करा.

आईवडिलांचं संमतिपत्र इंग्रजीत, नोटरी करून, तीन प्रती: एक लीडरकडे, एक मुलीच्या बॅगेत, एक घरी. सोबत तिच्या औषधांची आणि ॲलर्जीची यादी. पोलंडमध्ये युरो नव्हे, झ्लॉटी चालतात. हातात थोडेच द्या.

वळिवड्याचा

कोल्हापूर आणि पोलंड एका धाग्यात आले आणि अजून कुणी वळिवडे काढलं नाही? मी काढतो.

मंगळवार_पेठ, तुम्ही गांधीनगरला कापड घ्यायला जाता ना? शिवणकाम करता म्हणजे जातच असाल. ते गांधीनगर आज जिथे आहे, तिथे १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सोव्हिएत राजवटीने सैबेरियाकडे हाकललेली माणसं इराणमार्गे इथवर आली. जवळपास पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होती. आणि या धाग्यासाठी महत्त्वाचं म्हणजे स्काऊट-गाइडची पथकं होती, चांगली जोरात चाललेली. पंचगंगेच्या खोऱ्यात पोलिश पोरं शेकोट्या पेटवत होती. १९४८ नंतर ती माणसं जगभर पांगली आणि त्या जागेवर फाळणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनी गांधीनगर उभं केलं.

त्याआधी जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला होता. वॉर्सामध्ये त्यांच्या नावाचा चौक आहे. कोल्हापूरच्या नावाचं स्मारकही वॉर्सात आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान गेले तेव्हा त्यांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं आणि जामसाहेबांच्या नावाने दरवर्षी वीस पोलिश तरुणांना भारतात बोलावण्याची योजना जाहीर केली.

जांबोरीत प्रत्येक संघ आपल्या गावाबद्दल काहीतरी दाखवतो. बाकीचे लेझीम आणि नऊवारी नेतील, न्यावंच. पण कोल्हापूरच्या पोरीने पोलंडमध्ये जाऊन वळिवड्याचे दोन फोटो दाखवले तर समोरचा पोलिश स्काऊट तिला सोडणार नाही. त्यांच्याकडे स्काऊटपणाला युद्धाचा इतिहास आहे. १९४४ च्या वॉर्सा उठावात लहान स्काऊट्स गोळीबारातून टपाल पोचवायचे. त्यांना हे विषय परके नाहीत. महावीर उद्यानातल्या स्मारकाचा फोटो आधी काढून घ्या.

मंगळवार_पेठ

आईशप्पथ. मी गांधीनगरला महिन्यातून दोनदा जाते आणि हे माहीत नव्हतं! सासूबाईंना सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "हो, गोऱ्या पोलंडच्या बायका बाजारात यायच्या, माझी आई सांगायची." इतकी वर्षं घरात होतं हे आणि कुणी विचारलं नाही. आता त्या स्वतःच लेकीला सांगत बसल्यात. श्रावणाचं नाव काढलेलं नाही दोन दिवस.

हिशेबी

वळिवड्याचा, उत्तम प्रतिसाद. कोल्हापूरच्या संस्था, व्यापारी संघटना, खुद्द गांधीनगरचे व्यापारी, यांच्याकडे हा धागा घेऊन गेलात तर मदत मिळायची शक्यता खरंच आहे. माझा मूळ आक्षेप कायम, पण मदत मागायचीच तर एका मुलीसाठी मागू नका, जिल्ह्यातून निवड होणाऱ्या सगळ्यांसाठी मागा.

गाठ_मारा

हिशेबींना अनुमोदन. जिल्हा संघटकांना भेटा, एकट्या जाऊ नका, आणखी दोन पालक बरोबर न्या.

आधी_दहावी

विरोधी पक्ष म्हणून शेवटचं. पाठवायचं ठरलंच तर मे महिन्यात सुट्टीतच दहावीचे गणिताचे आणि विज्ञानाचे पहिले तीन-चार धडे उरकून घ्या, आणि वर्गशिक्षकांना जूनमध्येच लेखी कळवा. आल्या आल्या सत्कारांना नाही म्हणायला शिका. माझ्या पुतण्याचा एका स्पर्धेनंतर अख्खा गणेशोत्सव स्टेजवर गेला होता.

उतरणीची_वाट

सत्काराबद्दल हजारदा हो!

मंगळवार_पेठ

मंडळी, ताजी बातमी. अर्जावर ह्यांनी सही केली. "निवड झाली तर बघू" असं पुटपुटत केली, पण केली. पासपोर्टची वेळ पुढच्या मंगळवारची मिळालीय. पेठेतला_पत्रव्यवहार यांनी सांगितल्यावर कागद तपासले तर जन्मदाखल्यावर ह्यांचं मधलं नाव नाही. आता महापालिकेच्या फेऱ्या.

बाईंना लीडरबद्दलचे प्रश्न विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत, मी स्वतःच जाणार की नाही अजून ठरलेलं नाही." म्हणजे लेकीचं नाव लागलं तरी तिच्याबरोबर कोण जाणार, ते अजून अधांतरीच. दुसऱ्या जिल्ह्याच्या किंवा दुसऱ्या राज्याच्या बाई असतील तर आधी कसं भेटायचं? कुणाला माहीत आहे का?

गाठ_मारा

तुकडी ठरली की निघण्याआधी एकत्र शिबिर असतं, तिथे लीडर भेटतात. पण तोवर थांबू नका. नावं जाहीर झाली की राज्य कार्यालयाकडून तुकडीप्रमुखांचा संपर्क मागा आणि पालकांची एक ऑनलाइन बैठक घ्यायला लावा. मागितली तर घेतात. जन्मदाखल्याची दुरुस्ती होईपर्यंत मंगळवारची वेळ पुढे ढकला. तारीख बदलता येते, तशीच गेलात तर परत पाठवतील.

भटकी_मांजर

सर, एक प्रश्न. आमचा बोका आठवीत आहे, अजून द्वितीय सोपानच झालंय. त्याला २०२७ ची आशा ठेवायला सांगू का?

गाठ_मारा

जन्मतारीख आधी बघा, मग सोपान. तृतीय सोपानाला वेळ लागतो, आत्ता सुरू केलं तर जमेल. त्याला सांगा, या रविवारी घरच्या गच्चीवर तंबू एकट्याने उभा करून दाखव. जमला की मला इथे कळवा.